गुमास्त्याला बसू द्या: कामगार मंत्र्यांना आणि दुकानमालकांना खुलं पत्र

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि पुण्याच्या लक्ष्मी रोडवरचे सर्व दुकानमालक यांस,

सादर नमस्कार.

मी लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानात १७ वर्षं काउंटरवर काम करते. सकाळी साडेदहाला शटर वर जातं, रात्री नऊला खाली येतं. मधला जेवणाचा अर्धा तास सोडला तर हा सगळा वेळ मी उभी असते. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. माझं घर त्या पगारावर चालतं, आणि जे सांगायचं आहे ते एकाच दुकानातलं नाही. कुंटे चौकापासून बेलबाग चौकापर्यंत चालत गेलात तर दोन्ही बाजूंना तुम्हाला हेच दिसेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने आणि आस्थापना कायद्यात बदल करायचं ठरवलं. दिवसाचे कामाचे तास ९ वरून १० केले. तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर नेली. आणि ज्या दुकानांत २० किंवा जास्त माणसं आहेत त्यांनाच हा कायदा लागू ठेवायचं ठरलं. २०१७ च्या कायद्यात तो आकडा १० होता. ही बातमी मी दुपारी जेवताना मोबाइलवर वाचली. आमच्या दुकानात आम्ही १४ जण आहोत. हातातला घास तसाच ठेवून मी पुन्हा मोजले. १४ च.

मंत्रिमहोदय, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा तासांना दुप्पट पैसे आहेत, कामगाराची संमती घ्यायची आहे, हे मला माहीत आहे. ते चांगलंच आहे. पण तास वाढवताना त्या तासांत आमचे पाय कुठे असतील, याचा विचार कुणी केला का? ९ चे १० तास म्हणजे खुर्चीवर बसणाऱ्याचा एक तास वाढतो. आमचा एक तास उभं राहणं वाढतं. म्हणून हे पत्र.

माझे बाबा याच रस्त्यावर कापडाच्या दुकानात होते. तेव्हा दुकानात गादी होती. पांढरीशुभ्र चादर, मागे लोड, आणि गिऱ्हाईकही चप्पल काढून गादीवर बसायचं. बाबा मांडी घालून समोर बसत, मागच्या पोऱ्याकडून साडी मागवत आणि बसल्याबसल्याच पदर असा उलगडत की काठ बरोबर गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापाशी येऊन थांबायचा. इरकल, नारायणपेठ, पैठणी, सगळं बसून विकलं त्यांनी. त्या काळी दिवसच्या दिवस बसून त्यांची पाठ धरायची, गुडघे कुरकुरायचे, ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. पण माल दाखवताना बसलेला माणूस गिऱ्हाइकाचा अपमान करतोय, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे गाद्या गेल्या, काचेचे काउंटर आले, शोरूम झाली. गिऱ्हाइकासाठी गोल स्टुलं आली. मालकांची गल्ल्यामागची खुर्ची राहिली. आमची बसायची जागा तेवढी गेली, आणि ती गेली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लग्नाचा बस्ता काय असतो ते सांगते. घरातली दहा-बारा माणसं येतात. नवरीचा शालू, विहिणीची, मावश्यांची, आत्यांची, करवल्यांची, मानपानाची, अशा साड्या काढत तीन-साडेतीन तास जातात. मी साठ-सत्तर घड्या मोडते, अंगावर लावून दाखवते, आणि नंतर त्या सगळ्या पुन्हा घालते. गेल्या वर्षी अशाच एका बस्त्याला एक आजी आल्या होत्या. बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. मग शेजारचं रिकामं स्टूल पुढे सारून म्हणाल्या, "बस की गं बाई, मघाधरनं उभी आहेस." मी हसून "असू द्या आजी" म्हटलं. त्यांना वाटलं मी संकोचले. खरं तर डोक्यावर कॅमेरा होता.

त्या कॅमेऱ्याचं कारण असं. एका बुधवारी दुपारी तीन वाजता दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. पाऊस लागला होता. मी काउंटरमागे नव्या मालाच्या गठ्ठ्यावर टेकले. दोन मिनिटंही झाली नसतील, वरच्या ऑफिसातून इंटरकॉम वाजला: "तिकडं कोण बसलंय?" मी उठले. संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगण्यात आलं की रस्त्यावरून बघणाऱ्याला दुकान रिकामं वाटतं, आळशी वाटतं, तेव्हा कामाच्या वेळात कुणी बसायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून गठ्ठे माळ्यावर ठेवायला लागले. त्या दिवशी मला पाळी आली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखी जागा नव्हती. आज इथे लिहिते आहे.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली पायांची. माणूस चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. एकाच जागी तासन्‌तास उभं राहिलं की ते ढकलणं थांबतं, रक्त पायाच्या शिरांत साचतं, शिरांमधल्या झडपा हळूहळू सैल पडतात. शिरा फुगतात, निळ्या-जांभळ्या दोरासारख्या वर येतात. डॉक्टर त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. माझ्या डाव्या पायावर त्या गुडघ्यामागून घोट्यापर्यंत उतरल्या आहेत. रात्री घरी जाऊन मोजे काढले की रबराचा वळ अर्धा तास जात नाही. बोट दाबलं तर खड्डा पडतो. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच अशी चमकते की भिंत धरावी लागते. डॉक्टरांनी लिहून दिलं: दर तासाला थोडं बसा, पाय वर घ्या. ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. ती कुणाला दाखवू?

दुसरी तक्रार बाथरूमची. आमच्या वाड्यात, म्हणजे दुकान ज्या जुन्या इमारतीत आहे तिथे, मागच्या जिन्याखाली एक संडास आहे. पाच दुकानांना मिळून. किल्ली वॉचमनकडे. पाणी असेल तर असेल. नाहीतर तुळशीबागेच्या बाजूला पैसे देऊन जायचं, जाऊन-येऊन पंधरा-वीस मिनिटं, आणि तेवढ्यात काउंटर कोण बघणार? म्हणून आम्ही बायकांनी आपापला उपाय काढला आहे. पाणीच प्यायचं नाही. सकाळी चहा, मग एकदम चार वाजता अर्धा ग्लास. मे महिन्यातसुद्धा. उन्हाळी लागते, जळजळ होते, ताप येतो, पाच दिवस गोळ्या घ्यायच्या. मला हे दोनदा झालं, आमच्या काउंटरवरच्या एकीला तर वर्षात तीनदा. पुरेशी स्वच्छतागृहं देण्याचं कलम २०१७ च्या कायद्यातच आहे. आता २० चा आकडा आल्यावर आमच्यासारख्या दुकानात ते कलम कोण विचारणार?

तिसरी तक्रार माझी स्वतःची नाही, पण ती मी पाहिली आहे आणि गप्प राहिले आहे, त्यामुळे ती माझ्यावरही आहे. आमच्यातली एक मुलगी गरोदर होती. सातवा महिना. पाय सुजून चप्पल जाईना, म्हणून ती घरून नवऱ्याच्या स्लिपर घालून यायची. तिने विचारलं, स्टूल ठेवू का मागे? उत्तर आलं, "जमत नसेल तर घरी बस." ती घरी बसली. परत आली नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की बाळंतपणाच्या आधीच्या सहा आठवड्यांपूर्वीच्या महिन्यात बाईने सांगितलं तर तिला कष्टाचं किंवा बराच वेळ उभं राहण्याचं काम देता येणार नाही. "उभं राहणं" हा त्रास आहे हे १९६१ साली कायदा करणाऱ्यांना कळलं होतं. आम्हा १४ जणांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं. मला ते कळलं तेव्हा ती मुलगी गावाला निघून गेली होती.

चौथी, आणि मला सगळ्यात जास्त लागलेली. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा कामाला विचारायला आला होता. येवल्याचा, विणकराच्या घरातला. पैठणीचा काठ हातात घेऊन नुसत्या बोटांनी सांगायचा की जर कुठली आणि वीण हातमागाची की यंत्रमागाची. अपघातात त्याचा एक पाय अधू झाला होता, काठी घेऊन चालायचा. आमच्या सगळ्यांपेक्षा त्याला साडी जास्त कळत होती. त्याला चहा दिला, प्रेमाने बोलले, आणि सांगितलं, "उभ्याचं काम आहे बाळा, तुला नाही झेपायचं." तो गेला. मी घरी येऊन बाबांना हे सांगितलं. बाबा म्हणाले, "मी ३४ वर्षं बसून विकल्या की." साडी विकायला पाय लागत नाहीत. डोळे लागतात, बोटं लागतात, बोलणं लागतं. उभं राहण्याचा नियम आपणच घातला, आणि त्या एका नियमाने त्या मुलाला, गरोदर मुलीला, पन्नाशीतल्या बायकांना, संधिवात असलेल्या माणसाला दुकानाबाहेर काढलं. हल्ली सगळीकडे सर्वांना सामावून घेण्याबद्दल बोललं जातं. आमच्या दुकानात ते सामावून घेणं एका स्टुलापाशी अडलं आहे.

मंत्रिमहोदय, या कायद्याला लोक अजून गुमास्ता कायदा म्हणतात. दुकानाची नोंदणी म्हणजे गुमास्ता लायसन्स. गुमास्ता म्हणजे दुकानातला नोकर, म्हणजे आम्ही. आमच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा १९४८ चा, आणि तेव्हा तो लहान-मोठ्या सगळ्या दुकानांसाठी होता. २०१७ मध्ये १० पेक्षा कमी माणसांची दुकानं त्याच्या मोठ्या भागातून बाहेर पडली. आता २० पेक्षा कमी माणसांची. दर वेळी सांगितलं जातं की छोट्या व्यापाऱ्याचा कागदपत्रांचा जाच कमी होईल. व्यापाऱ्याचा जाच कमी व्हावा असं मलाही वाटतं, आमच्या मालकांना रजिस्टरं भरताना मी पाहिलं आहे. पण रजिस्टर कमी करणं आणि माणसाला पाणी, संडास, विश्रांती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कमी करताना दुसरी का गेली?

त्याच १९४८ साली कारखाने अधिनियम झाला. त्याच्या ४४ व्या कलमात लिहिलं होतं की ज्या कामगारांना उभ्याने काम करावं लागतं त्यांच्यासाठी बसण्याची सोय ठेवावी, म्हणजे कामाच्या ओघात उसंत मिळाली की त्यांना बसता येईल. कारखान्यातल्या माणसाच्या पायांचा विचार तेव्हाच झाला. दुकानातल्या माणसाचा नाही. ब्रिटनमध्ये तर १८९९ सालीच, दुकानात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागे निदान एक आसन हवं, असा कायदा झाला होता. केंद्राच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. लक्ष्मी रोडवर मात्र तो अजून उतरलेला नाही.

आणि केरळने हे करून दाखवलं आहे. कोझिकोडच्या मिठाई तेरुवू नावाच्या बाजारपेठेत कापडाच्या आणि इतर दुकानांत काम करणाऱ्या बायका आमच्यासारख्याच उभ्या असत, आमच्यासारखंच पाणी पीत नसत. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी त्यांना एकत्र केलं, पेण्कूट्ट नावाची संघटना बांधली. सुरुवात संडासाच्या मागणीपासून झाली, मग बसण्याच्या हक्काची मागणी आली. २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकान कायद्यात बसण्याचा हक्क घातला. २०२१ मध्ये तमिळनाडूने घातला. तिथेही साड्यांचीच मोठमोठी दुकानं आहेत. बसणाऱ्या सेल्सगर्लमुळे कांजीवरम विकायची थांबली, असं काही झालेलं नाही.

दुकानमालकांनो, आता थोडं तुमच्याशी. तुमच्यातले बरेच जण आम्हाला घरच्यासारखं वागवतात. माझ्या मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी मालकांनी उचल दिली, ती मी विसरलेले नाही. दिवाळीला मिठाईचा पुडा आणि साडी मिळते. म्हणूनच हे बोलायची हिंमत होते आहे. गिऱ्हाईक समोर असताना आम्ही बसून राहू, असं आम्ही म्हणत नाही. गिऱ्हाईक आलं की आम्ही उठतोच, ते आमच्या हाडात आहे. बाकीच्या वेळात बसू द्या, एवढंच मागतो. सोमवार ते गुरुवार दुपारी दोन ते पाच दुकानात काय असतं, ते तुम्हालाही माहीत आहे. बसलेल्या माणसामुळे दुकान रिकामं दिसत नाही. थकलेला, चिडलेला, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकणारा माणूस गिऱ्हाइकाला जास्त दिसतो. संध्याकाळी सातनंतर माझ्या हातून घड्या वाकड्या पडतात, आवाज चढतो. तेव्हाचं गिऱ्हाईक मी गमावते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

महाराष्ट्राच्या दुकान कायद्यात बसण्याच्या हक्काचं स्वतंत्र कलम घाला, केरळ आणि तमिळनाडूसारखं. ते प्रत्येक दुकानाला लागू असू द्या. तिथे माणसं ५ असोत, १४ असोत की १००, सगळ्यांचे पाय सारखेच असतात.

पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि विश्रांती या तीन गोष्टी २० च्या आकड्यातून बाहेर काढा. जुन्या पेठांत प्रत्येक दुकानाला वेगळं बाथरूम शक्य नाही, हे आम्हालाही कळतं. महापालिकेने आणि व्यापारी संघटनांनी मिळून पाच-सहा दुकानांमागे एक स्वच्छ, पाणी असलेलं, बायकांसाठी वेगळं बाथरूम करावं, आणि त्याची किल्ली आम्हाला मागावी लागू नये.

दिवस १० तासांचा करणार असाल तर जेवणाच्या अर्ध्या तासाखेरीज दुपारनंतर आणखी १५ मिनिटांची सुट्टी द्या. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी केली होती. आज आम्हाला मिळतो तोही तेवढाच अर्धा तास.

गरोदर बाईला आणि आजारी माणसाला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बसून काम मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी पगार कापला जाऊ नये. बसून करता येतं अशा कामासाठी "उभ्याचं काम आहे" हे कारण सांगून अपंग माणसाला नाकारता येऊ नये.

तक्रार करणाऱ्याचं नाव मालकाला कळणार नाही, अशी व्यवस्था करा. आणि हे हक्क मराठीत, मोठ्या अक्षरांत छापून दुकानात लावणं सक्तीचं करा. त्या मुलीला १९६१ चा कायदा माहीत असता तर ती निदान एकदा बोलली असती.

मालकांनी कायद्याची वाट पाहू नये, अशी माझी विनंती आहे. दर काउंटरमागे एक स्टूल उद्यासुद्धा ठेवता येईल.

मंत्रिमहोदय, तुम्ही पुण्यात आलात तर एखाद्या बुधवारी दुपारी तीन वाजता लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही साडीच्या दुकानात या. आधी कळवू नका. आम्ही तुम्हाला स्टूल देऊ, पाणी देऊ, साड्या दाखवू. तुम्ही फक्त काउंटरमागच्या माणसांना विचारा की सकाळपासून किती वेळा बसलात. मान खाली घालून विचारा, वर कॅमेऱ्याकडे न बघता उत्तर देता येईल इतक्या हळू.

उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
साडीच्या दुकानातली एक गुमास्ता
लक्ष्मी रोड, पुणे